ओल्या डब्याची कृती

कसबा बावडा, कोल्हापूर
मार्च २००६

प्रिय प्रसेनजीत,

सप्रेम जयभीम. पाकीट नीट चिकटवून पाठवते आहे, त्यामुळे हा शब्द तुझ्या गिऱ्हाइकांच्या नजरेस पडायची भीती नाही. निवांत वाच.

परवाच्या फोनवर तू मला दोन कामं सांगितलीस. पहिलं, रंग ओला ठेवायचा तो आपला डबा कसा करायचा ते सगळं नीट लिहून पाठव. दुसरं, पुढच्या रविवारी इमारतींची मॉडेलं करायच्या तुझ्या नव्या स्टुडिओच्या उद्घाटनाला आबा येणार आहेत, तर निघण्याआधी त्यांना 'जरा समजावून' ठेव. पहिल्या कामावर तू बराच वेळ बोललास. दुसरं मात्र फोन ठेवता ठेवता मागितलंस, भाजी घेऊन झाल्यावर वर कोथिंबीर मागावी तसं. मला वाटतं, तू बाजारात आला होतास तो कोथिंबिरीसाठीच. असो. दोन्हींचं उत्तर एकाच पत्रात देते. फोनवर दिलं असतं, पण मी बोलायला लागले की तुला मध्येच दुसरा फोन येतो आणि मी कान लावून गाणं ऐकत बसते. पत्राला मध्येच गाणं लावता येत नाही.

आणि फोनवर मला तू 'दी' म्हणालास. तीन-चार वेळा म्हणालास म्हणून खात्री झाली, नाहीतर लाइन खराब असेल असं समजले होते. जन्मल्यापासून आक्का होते. पुण्याला गेल्यावर घराचं भाडं वाढतं हे ऐकलं होतं, नाती आखूड होतात हे तुझ्याकडून कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, मला 'आ' म्हणंना झालाय अजून."

आता डबा. तू म्हणालास, ही परदेशी टेक्निक आहे, इंटरनेटवर सगळं दिलेलं आहे, फक्त त्यांचा तो कागद इथं मिळत नाही, तर तू कुठला वापरतेस तेवढं सांग. शनिवारी मी क्लास घेतो, तिथं हे शिकवायचं आहे, असंही म्हणालास. मी रिसीव्हरकडेच बघत बसले. तुला वाटलं, लाइन तुटली. लाइन शाबूत होती रे. तुझी आठवण तुटली आहे. परदेशात कुणी असा डबा करत असतील तर आनंद आहे, पण आपल्या घरात तो कुठून आला हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, फक्त पुण्यातल्या क्लासमध्ये ते सांगण्यासारखं नाही.

ते दिवस आठव. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला की आबा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. एप्रिलच्या जयंतीसाठी बाबासाहेबांचे अंगठ्याएवढे पुतळे, ऑक्टोबरात बुद्धमूर्ती आणि दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांसाठी मावळे. आधी ऑइलपेंट असायचा, त्याचा वास घरभर. मग अॅक्रिलिकच्या बाटल्या बाजारात आल्या आणि आबांनी हौसेनं आणल्या. पण एप्रिलचं ऊन, वर पत्रा. चेहऱ्याचा रंग बशीत कालवावा आणि चार चेहरे होतात न होतात तोवर त्यावर साय धरायची. पुन्हा कालवावा तर पहिली छटा येत नसे. एका ओळीत मांडलेले पुतळे गव्हाळ, सावळे, तांबूस, पिवळट अशा रंगांचे दिसायला लागले. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भाऊसो, ह्यातलं खरं कुठलं?" आबा तेव्हा हसले, पण संध्याकाळी जेवले नाहीत. चष्म्याची तर गोष्टच सोडा. काळ्या रंगाची केसाएवढी रेघ काढायची आणि रंग कुंचल्याच्या टोकावरच मरायचा.

तेव्हा तू आठवीत होतास. कमानीजवळच्या पानपट्टीवर आबांचा तंबाखू आणायला जायचास. एक दिवस आलास आणि शाळेचं दप्तरही न काढता म्हणालास, "आक्का, त्यो पानवाला पानं ओल्या फडक्यावर ठेवतोय, दिवसभर कशी ताजी राहत्यात बघ. रंग पण तसाच ठेवूया की!" मी तुला येडा म्हणाले. तू ऐकलं नाहीस. आईचं पातळाचं फडकं भिजवलंस आणि त्याच्यावर थेट रंग ओतलास. रंग फडक्यानं पिऊन टाकला आणि आईनं तुला धुतलं. पण मधे काहीतरी घालायला हवं, पाणी वर येऊ देईल आणि रंग खाली जाऊ देणार नाही असं काहीतरी, हेही तूच बोललास, मार खाता खाता. कल्पना तुझी होती, प्रसेन. तुझ्या स्वतःच्या डोक्यातली, बावड्यातल्या पानपट्टीवर सुचलेली. लोक दुसऱ्याचं चोरून आपलं म्हणून सांगतात. तू आपलं ते दुसऱ्याचं म्हणून सांगतोस. असला चोर मी आजवर पाहिला नव्हता.

तर लिहून घे. श्रीखंडाचा चपटा डबा घ्यायचा, झाकण घट्ट बसणारा. खोल डबा नको, हात आत घालून रंग उचलताना मनगट काठावर टेकतं. तळाला स्पंज. गादीवाल्याकडचा फोम आणू नकोस, तो पाणी पीत नाही, नुसता मिरवतो. पुण्यात असला माल पुष्कळ सापडेल. भांडी घासायचा नवा स्पंज चालतो, पण सगळ्यांत चांगलं म्हणजे जुन्या सुती बनियनच्या घड्या. आबांचा बनियन मी वापरते. तुझ्या क्लासमध्ये 'कॉटन पॅड' सांग, बनियन म्हणू नकोस, फी कमी होईल.

घड्यांवर पाणी घालायचं. इथंच तू फसला आहेस, नाही का? मला अनिकेतनं सांगितलं. तुझ्याकडे कामाला असलेला तो जयसिंगपूरचा मुलगा मी शिकवते त्या शाळेत माझ्याकडे चित्रकलेला होता, अजून फोन करतो. बिल्डरच्या मॉडेलमधल्या माणसांना रंग द्यायला तू डबा केलास, आठवेल तसा, आणि वर दोन बोटं पाणी ठेवलंस. कागद तरंगला, रंग पातळ झाला आणि रंगवून वाळत ठेवलेल्या सगळ्या माणसांचे चेहरे ओघळून छातीवर आले. बिल्डर म्हणाला म्हणे, "हे फ्लॅट घेतल्यानंतरचे आहेत का?" तेव्हा तुला आक्का आठवली. दी आठवली. पाणी इतकंच हवं की डबा तिरका केला तर ओघळ यायला नको, आणि बोट दाबलं तर बोट ओलं व्हावं, थेंब लोंबायला नको. उसाच्या रोपाला पाणी देताना आबा सांगायचे तेच. माती ओली, चिखल नाही.

मग कागद. तुझं सगळं घोडं कागदावर अडलं आहे. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. ट्रेसिंग पेपर सुरळी होतो, वर्तमानपत्राचा लगदा होतो. बेकरीत केकच्या साच्यात घालतात तो कागद घे. मी लक्ष्मीपुरीतल्या एका बेकरीतून आणते. बेकरीवाली बाळाबाई मला पहिल्यांदा म्हणाली, "बाई, कागद न्हेतीस, केक का न्हेत न्हाईस?" डब्याच्या मापाचा तुकडा कापायचा, उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचा, म्हणजे कडा वर उचलत नाहीत. ओल्या घड्यांवर पसरायचा आणि मधून कडेकडे बोटानं हवा काढायची. रंग या कागदावर ठेवायचा. खालचं पाणी थोडं थोडं वर येत राहतं आणि रंग दिवसभर जागा राहतो. रात्री झाकण लाव. आठवडाभर ठेवलास तर कुबट वास येईल, म्हणून घडीखाली तांब्याचा एखादा जुना पैसा ठेव. आईनं तिच्या डब्यातला ढब्बू पैसा दिला आहे, तो मी देणार नाही. तुझा तू शोध.

आबांनी आधी या डब्याची टर उडवली होती, तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की इथं सगळे तुझ्या शोधाला हार घालून बसले होते. "रंगाला काय अंथरूण घालताय व्हय रे? आता उशी पण द्या," असं म्हणायचे आणि आपले बशीतच कालवायचे. मग त्या दिवाळीत मावळे करायचे होते आणि डब्यात ऑक्टोबरातल्या बुद्धमूर्तींचा उरलेला निळा तसाच ओला निघाला. मी फेकून द्यायला गेले तर आबांनी हात धरला. इतका चांगला निळा फेकायचा? एका मावळ्याचा अंगरखा निळा झाला. किल्ल्याच्या बाजारात एक जण तो उचलून म्हणाला, "पावणं, ह्यो मावळा निळा कसा काय?" आबा म्हणाले, "थंडी लई पडलीया, गार पडलाय त्यो." माणूस हसला आणि नेमका तोच घेऊन गेला. नंतर दोन वर्षं लोक निळा मावळा मागायला यायचे. तू त्या बाजारात आबांच्या शेजारी बसायचास, मोठ्यानं ओरडून गिऱ्हाईक बोलवायचास. तुझा आवाज तालमीच्या कोपऱ्यापर्यंत जायचा. आवाज अजून तसाच आहे. त्याबद्दल पुढं.

मागच्या वर्षी मी आणि आबा तुझ्याकडे पुण्याला आलो तेव्हा तू आम्हाला ते मोठं मॉडेल दाखवलंस. काम देखणं होतं. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही, तुझं मन राखण्याचा आता मला कंटाळा आला आहे. झाडं, कारंजं, पोहण्याचा तलाव, लॉनवर पेराएवढी माणसं. सगळी गोरी. सूटमधला पुरुष, खांद्यावर पर्स घेतलेली बाई, फुगा धरलेलं मूल, एक कुत्रं. मी विचारलं, या एवढ्या घरांत भांडी कोण घासतं? गेटवर कोण उभं असतं? झाडू कोण मारतं? तू हसून म्हणालास, "ती माणसं स्केलमध्ये बसत नाहीत." कुत्रं बसलं होतं. मी ते तिथंच सोडून दिलं, कारण आबा मॉडेलवर वाकून डोळे बारीक करून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला मोडायचं नव्हतं. त्यांनी तुला एकच प्रश्न विचारला, आठवतो? "ह्या माणसाची उंची किती धरलीया?" तू पट्टी लावून दाखवलीस. त्यांनी करंगळीच्या पेराला नख लावून माप धरलं. तुला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

घरी आल्यावर त्यांनी मला पाटीवरच्या पेन्सिली आणायला लावल्या. दुकानदाराला वाटलं, घरात कुणी शाळेत जायला लागलं. त्या पेन्सिलीचा दगड मऊ असतो, चाकूच्या टोकानं कोरता येतो आणि तेवढ्याच पटकन मोडतोही. किती मोडल्या ते विचारू नकोस. हात वर केलेले बाबासाहेब त्या जाडीत बसेनात, म्हणून शेवटी पुस्तक छातीशी धरलेले कोरले. तुझ्या मॉडेलमधल्या माणसांच्या बरोब्बर उंचीचे. करंगळीच्या त्याच पेराला लावून बघितले. मग रंगवायला बसले आणि म्हणाले, "संघे, आण तुझं अंथरूण." त्यांचा हात आता हळू चालतो, पण डब्यातला रंग थांबायला तयार असतो. कोट, शर्टाची कॉलर, टाय. चष्म्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. रोज एक श्वास रोखून एक रेघ, मग दुसऱ्या दिवसापर्यंत विश्रांती. परवा पुतळा पूर्ण झाला. काडेपेटीत कापूस घालून त्यांनी तो ठेवला आहे, आणि तुझ्या उद्घाटनासाठी नवा शर्ट शिवून आणला आहे. आईला ते रोज सांगत होते की प्रसेनच्या त्या गावात आता आपला एक माणूस राहायला जाणार.

आणि त्याच दिवशी तुझा फोन. आधी डबा, मग कागद, मग पाणी. आणि मग शेवटी कोथिंबीर. तुझे शब्द मी जसेच्या तसे लिहिते, म्हणजे तू म्हणायला नको की मी मीठमसाला लावला. "दी, आबांना जरा समजावून सांग. ते निळे पुतळे-बितळे घेऊन येऊ देऊ नकोस. बिल्डर लोक येणार आहेत, पेपरवाले येणार आहेत. माझा काही विरोध नाही, तुला माहितीये, पण ते आपल्या घरात ठीक आहे. इथं ते स्केलमध्ये बसत नाही." मी विचारलं, कसलं स्केल? तू म्हणालास, "तू समजून घे ना." घेतलं. तुझ्या भिंतीवर जर्मन कंपनीच्या रंगांचं पोस्टर बसतं. बिल्डरच्या कुत्र्याचा पुतळा बसतो. बाप बसतो, फक्त हात रिकामे ठेवून आला तर.

आता, ज्या माणसामुळे तुला शाळेत बसायला मिळालं त्याला तुझ्या टेबलावर जागा नाही, असलं भाषण मी देणार नाही. ते तू जयंतीच्या स्टेजवर स्वतः दिलेलं आहेस, अकरावीत, पहिला नंबर आणून. तू घाबरला आहेस, एवढंच मला दिसतं. आणि घाबरलेल्या माणसाचा मला राग येत नाही. पण तू घाबरलास आणि त्याला टापटीप म्हणतोस, ते मला बघवत नाही. बिल्डर काम काढून घेईल म्हणून घाबरतोस, तर तसं म्हण. 'आक्का, मला भीती वाटते' एवढं म्हणाला असतास तर मी रात्रीच्या गाडीनं येऊन तुझ्या शेजारी बसले असते. स्केल-बिल मला सांगू नकोस. माप आबांनी घेतलेलं आहे.

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगते. मघाशी तुझ्या आवाजाबद्दल म्हणाले होते. फोन माझ्या कानाला होता, पण आबा शेजारीच पाटावर बसून काडेपेटीत कापूस भरत होते आणि तू बाजारात बोलतोस तसा बोलत होतास. त्यांनी सगळं ऐकलं. कापूस भरून झाल्यावर काडेपेटी बंद केली आणि फळीवर मागच्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "संघे, प्रसेनला एक पत्र टाक. गुडघं धरल्यात म्हणावं, एस्टीत बसवत न्हाय. पोराचा चांगला दिस हाय, आपली अडचण नको." मी म्हणाले, आबा, तुमचे गुडघे? तर म्हणाले, "लिही की. तुझ्या बापानं कधी खोटं बोलाय सांगितलंय का तुला? एकदा सांगतोय तर लिही." आणि मग सायकल काढून लक्ष्मीपुरीला गेले आणि प्लॅस्टरचं पोतं मागं बांधून पायडल मारत आले. तर हे ते पत्र. 'आबांचे गुडघे दुखतात, ते येणार नाहीत', एवढंच यात लिहायचं होतं. मला ते लिहिता आलं नाही. आता रविवारी त्यांची वाट बघू नकोस, आणि मी त्यांना समजावून आणेन असंही समजू नकोस. तुला ते हवे असतील तर त्याआधी स्वतः ये, शेडमध्ये त्यांच्यासमोर खाली बस आणि आपल्या तोंडानं माग, 'आबा, तो मला द्या.' देतील की नाही, सांगता येत नाही. मी असते तर दिला नसता.

तुझीच,
संघप्रिया